कोहाच्या बॅकअपची शेल स्क्रिप्ट हाताने चालवल्यास चालते, क्रॉनमधून मात्र २० बाइटची फाइल तयार होते

प्रश्न : ग्रंथपाल_तालुका

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावातील ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे सुमारे २२ हजार ग्रंथ असून त्यांची दाखलनोंद, सभासदांची माहिती आणि रोजची देवघेव गेल्या तीन वर्षांपासून कोहा या ग्रंथालय व्यवस्थापनाच्या संगणकप्रणालीत होते. कोहा उबंटू २२.०४ असलेल्या एका साध्या संगणकावर चालते. तो संगणक सकाळी ८ वाजता सुरू होतो आणि रात्री ८ वाजता वाचनालयाला कुलूप लावण्यापूर्वी बंद केला जातो.

गेल्या पावसाळ्यात विजेच्या लपंडावात आमची हार्ड डिस्क गेली. बॅकअप पेन ड्राइव्हवर होता, पण तो नऊ दिवसांपूर्वीचा होता, त्यामुळे नऊ दिवसांची देवघेव आम्ही कागदी चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरली. तेव्हापासून बॅकअप माणसाच्या आठवणीवर ठेवायचा नाही असे ठरवून मी शेल स्क्रिप्ट (संगणकाने ओळीने चालवायच्या आदेशांची फाइल) लिहायला शिकत आहे.

माझी पहिली स्क्रिप्ट अशी आहे. सुरुवातीला आजची तारीख घालून फाइलचे नाव तयार होते. मग मायएसक्यूएलडंप हा आदेश कोहाच्या डेटाबेसचा डंप (संपूर्ण प्रत) घेतो आणि तो पाइपमधून (एका आदेशाचे फलित थेट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीतून) जीझिप या फाइल आकसणाऱ्या प्रोग्रामकडे जाऊन त्या नावाच्या फाइलीत उतरतो. पासवर्ड मी स्क्रिप्टमध्ये लिहिलेला नाही. तो माझ्या होम फोल्डरमधील डॉट-माय-सीएनएफ या फाइलीत आहे. पुढच्या ओळीत आरक्लोन या फाइली इंटरनेटवरील साठ्यात पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या सिंक आदेशाने बॅकअपचा फोल्डर वाचनालयाच्या गूगल ड्राइव्हवर जातो आणि शेवटच्या ओळीत फाइंड आदेश ७ दिवसांहून जुन्या फाइली पुसून टाकतो.

११ दिवसांपूर्वी मी ही स्क्रिप्ट हाताने चालवली तेव्हा ४१ एमबीची फाइल तयार झाली आणि दोन मिनिटांत ड्राइव्हवर दिसली. त्याच दिवशी मी सुडो (मुख्य प्रशासकाचे अधिकार देणारा आदेश) लावून क्रॉनटॅब, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनची यादी, उघडला आणि रोज दुपारी १ ची वेळ दिली, कारण १२ ते ४ देवघेव बंद असते पण संगणक चालू असतो. आज पाहिले तर ड्राइव्हवर ती पहिली फाइल सोडून दुसरे काहीही नाही. संगणकावरील फोल्डरमध्ये रोजच्या फाइली आहेत, पण प्रत्येक फाइल बरोबर २० बाइटची आहे, आणि ४१ एमबीची मूळ फाइल तेथून नाहीशी झाली आहे. चूक दाखवणारा संदेश मला कोठेही आढळला नाही.

हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून का चालत नाही, आणि चुकली तर ती मला सांगत का नाही, हे समजून घ्यायचे आहे. तयार स्क्रिप्ट मिळाली तरी उपयोग होईल, पण प्रत्येक ओळ का आहे हे कळले तर पुढच्या वेळी मला दुरुस्ती करता येईल.

उत्तर १ : सर्व्हर_देखभाल

ताई, सर्वांत आधी एक विनंती. हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत ती स्क्रिप्ट पुन्हा हाताने चालवू नका. ड्राइव्हवरील ४१ एमबीची फाइल ही या क्षणी आपली एकमेव चांगली प्रत आहे, आणि स्क्रिप्ट आज दुपारी १ नंतर हाताने चालवली तर तीच प्रत पुसली जाण्याची मोठी शक्यता आहे. ब्राउझरमधून ड्राइव्ह उघडून ती फाइल डाउनलोड करा, पेन ड्राइव्हवर ठेवा आणि मग पुढे वाचा.

असे का म्हणतो ते सांगतो. सिंक या आदेशाचा अर्थ ‘पाठव’ असा नसून ‘तिकडचे हुबेहूब इकडच्यासारखे कर’ असा आहे. जी फाइल आपल्या संगणकावर नाही ती तो ड्राइव्हवरूनही काढून टाकतो. आपल्या फोल्डरमध्ये आता फक्त २० बाइटच्या फाइली उरल्या आहेत. आजच्या तारखेची फाइल दुपारी १ वाजता रूटने (मुख्य प्रशासकाच्या खात्याने) तयार केलेली असल्यामुळे तिच्यावर लिहिण्याचा अधिकार आपल्या साध्या खात्याला नाही. त्यामुळे हाताने चालवल्यावर डंपची ओळ ‘परवानगी नाही’ म्हणून फसेल, स्क्रिप्ट तरीही पुढे जाईल आणि आपल्या खात्याखाली व्यवस्थित चालणारा सिंक ड्राइव्हवरची चांगली फाइल काढून त्या जागी रिकाम्या फाइली ठेवेल. गूगल ड्राइव्हवरून आरक्लोनने पुसलेली फाइल सहसा कचरापेटीत जाते आणि तेथे ३० दिवस राहते, एवढाच त्यात दिलासा. तरीही त्यावर विसंबू नये.

आता मूळ बिघाडाकडे येऊ. सुडो लावून उघडलेला क्रॉनटॅब हा रूटचा क्रॉनटॅब असतो. त्यातील काम रूट म्हणून चालते, आणि रूटचे होम फोल्डर वेगळे आहे. आपला पासवर्ड आपल्या होम फोल्डरमध्ये आहे आणि आरक्लोनची कॉन्फिग (सेटिंगची) फाइलही तेथेच आहे. रूटला या दोन्ही फाइली सापडल्या नाहीत. म्हणून डेटाबेसने प्रवेश नाकारला आणि आरक्लोनला आपल्या ड्राइव्हचे नावच ठाऊक नव्हते. कारण एकच, पण त्याने दोन्ही टोके तोडली.

२० बाइटचा उलगडा त्यातूनच होतो. जीझिपला एक अक्षरही मिळाले नाही तरी तो एक वैध रिकामी फाइल तयार करतो: १० बाइटचे शीर्ष, २ बाइटचा रिकामा भाग आणि ८ बाइटची अखेरची पडताळणी. बॅकअपच्या फोल्डरमध्ये २० बाइटची फाइल दिसली की डंप निघालेलाच नाही असे खुशाल समजावे. जीझिपचे टेस्ट हे ऑप्शन या फाइलीलाही ‘ठीक आहे’ असेच म्हणते, कारण जीझिपच्या दृष्टीने ती खरोखरच ठीक असते.

आता आपला दुसरा प्रश्न. शेलमध्ये पाइपने जोडलेल्या आदेशांचा निकाल शेवटच्या आदेशाच्या निकालावर ठरतो. डंप फसला, पण जीझिप यशस्वी झाला, म्हणून संपूर्ण ओळ यशस्वी मानली गेली. शिवाय बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा शेल, मुळातच एखादा आदेश फसला तरी थांबत नाही, पुढची ओळ चालवतो. त्यामुळे पाठवणे फसले तरी पुसण्याची ओळ इमानाने रोज चालत राहिली आणि आठव्या-नवव्या दिवशी तिने आपली चांगली फाइल काढून टाकली. क्रॉनने तक्रार केली नव्हती असेही नाही. तो आदेशांचे संदेश ईमेलने पाठवू पाहतो, पण संगणकावर मेल पाठवणारा प्रोग्राम नसेल तर ते संदेश टाकून देतो आणि सिसलॉग या संगणकाच्या नोंदवहीत तशी एक ओळ लिहितो. सिसलॉगमध्ये दुपारी १ च्या आसपास पाहिलेत तर ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड’ (मेल पाठवणारा प्रोग्राम बसवलेला नाही) अशी नोंद आपल्याला बहुधा सापडेल.

दुरुस्तीत मी पुढील गोष्टी करीन. पहिल्या ओळीनंतर लगेच सेट आदेश ई, यू आणि पाइपफेल या तीन पर्यायांसह लिहावा. ई मुळे आदेश फसताच स्क्रिप्ट थांबते, यू मुळे कधीच न ठरवलेले व्हेरिएबल (मूल्य साठवणारे नाव) वापरले गेले तर थांबते, आणि पाइपफेलमुळे पाइपमधील कोणताही एक आदेश फसला तरी सगळी ओळ फसल्याचे मानले जाते. यू हा पर्याय नवशिक्यांना निरुपयोगी वाटतो, आणि ठरवलेले पण रिकामे व्हेरिएबल त्याला पकडता येत नाही हेही खरे, पण फोल्डरचे नाव असलेले व्हेरिएबल रिकामे राहिले आणि त्यापुढे पुसण्याचा आदेश असला तर काय घडते याचे उदाहरण जगासमोर आहे: जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरील स्टीम या गेम-सेवेच्या स्क्रिप्टमध्ये नेमकी हीच चूक निघाली आणि वापरकर्त्यांच्या फाइली पुसल्या गेल्या. स्क्रिप्ट चालवताना पुढे एसएच असे लिहू नका. उबंटूवर एसएच म्हणजे बॅश नसून डॅश हा दुसरा शेल आहे, आणि आपल्या आवृत्तीतील डॅशला पाइपफेल कळत नाही.

डंप थेट अंतिम नावाच्या फाइलीत न उतरवता आधी तात्पुरत्या नावाने उतरवावा. मायएसक्यूएलडंप काम पूर्ण झाले की अगदी शेवटच्या ओळीत ‘डंप कम्प्लीटेड’ असे लिहितो. झेडकॅटने फाइल उलगडून टेलने शेवटची ओळ पाहावी, तिच्यात हे शब्द असतील तरच फाइलला अंतिम नाव द्यावे. आकारापेक्षा ही कसोटी मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण अर्ध्यावर तुटलेला डंपही ३० एमबीचा असू शकतो. डंप घेताना सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय द्यावा, म्हणजे देवघेव चालू असली तरी सर्व टेबले एकाच क्षणाची मिळतात.

सिंकच्या जागी कॉपी वापरा. कॉपी ड्राइव्हवरचे काहीही पुसत नाही. ड्राइव्हवरच्या जुन्या फाइली काढण्यासाठी वेगळी ओळ लिहा आणि तिला ६० दिवसांसारखी ऐसपैस मुदत द्या. रोज ४१ एमबी धरले तर ६० दिवसांचे अडीच जीबीच्या आत भागते, आणि गूगलच्या मोफत खात्यात ड्राइव्ह, जीमेल व फोटो मिळून १५ जीबी जागा असते. पुसण्याच्या दोन्ही ओळी सर्वांत शेवटी असाव्यात, म्हणजे आधीचे सगळे पार पडले तरच त्यांची पाळी येईल.

क्रॉनटॅब आपल्या स्वतःच्या खात्याचा उघडा, सुडो न लावता. तारखेचा आदेश क्रॉनटॅबच्या ओळीत घालू नका. तेथे टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ नवी ओळ असा होतो आणि आदेश मध्येच तुटतो. आपली तारीख स्क्रिप्टमध्ये आहे, ती तेथेच असू द्या.

उत्तर २ : कोहा_वापरकर्ता

वरील उत्तर बरोबर आहे, पण आपण कोहा वापरता म्हणून त्यात एक बदल सुचवतो. उबंटूवर कोहा पॅकेजमधून बसवले असेल तर कोहाकडे स्वतःचा बॅकअप आधीपासूनच असतो. क्रॉनच्या रोजच्या कामांच्या फोल्डरमध्ये कोहाची एक फाइल असते. ती ‘कोहा-रन-बॅकअप्स’ हा आदेश चालवून स्पूलच्या फोल्डरमध्ये प्रत्येक दिवसाच्या दोन फाइली ठेवते आणि दोन दिवसांहून जुन्या काढून टाकते. एका फाइलीत डेटाबेस असतो आणि दुसरीत त्या वाचनालयाची कॉन्फिगरेशन. आपल्या आताच्या स्क्रिप्टमध्ये ही दुसरी फाइल कोठेच नाही. ‘कोहा-रिस्टोअर’ या आदेशाला दोन्ही लागतात.

मग हा बॅकअप आपल्याला दिसला का नाही? उबंटू सर्व्हरवर अनाक्रॉन नसेल तर ही रोजची कामे पहाटे ६ वाजून २५ मिनिटांनी चालतात, आणि आपला संगणक ८ वाजता सुरू होतो. चोवीस तास चालणारा सर्व्हर डोळ्यांसमोर ठेवून ही वेळ ठरलेली आहे. आपल्याकडच्या वाचनालयांत आणि शाळांत रात्री वीज बंद करून जाण्याची पद्धत असल्याने ही कामे वर्षानुवर्षे एकदाही न चालल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. अनाक्रॉन बसवला तर चुकलेले काम संगणक सुरू झाल्यावर थोड्या वेळाने होते. दुपारी १ ची वेळ आपल्याला सोयीची असेल तर सिस्टमडी या उबंटूतील सेवा-व्यवस्थापकाचा टायमर वापरून त्यात पर्सिस्टंट हा पर्याय चालू करा, म्हणजे नेमकी १ वाजता वीज नसली तरी ती परतल्यावर काम होईल.

त्यामुळे माझ्या मते स्क्रिप्टमध्ये मायएसक्यूएलडंपची ओळ ठेवूच नये. तिच्याऐवजी कोहा-रन-बॅकअप्स चालवावा, मग ‘डंप कम्प्लीटेड’ची तपासणी करावी, आणि मग दोन्ही फाइली कॉपी कराव्यात. कोहाच्या या फाइली रूटच्या मालकीच्या असतात, म्हणून काम रूटखालीच चालवावे लागेल. आधीच्या उत्तराशी माझा मतभेद एवढ्या मुद्द्यापुरताच आहे. त्यासाठी आरक्लोनची कॉन्फिग फाइल रूटच्या होम फोल्डरमध्ये स्वतंत्रपणे तयार करावी आणि स्क्रिप्टमध्ये तिचा पूर्ण मार्ग लिहावा, म्हणजे कोणत्या खात्याखाली चालते याने फरक पडणार नाही.

कोहा या माओरी शब्दाचा अर्थ भेट असा आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी लिहिलेली ही प्रणाली जानेवारी २००० मध्ये सुरू झाली आणि तिच्या कर्त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली. आपल्यासारख्या तालुक्याच्या वाचनालयात ती तीन वर्षे चालते आहे हे वाचून फार बरे वाटले.

उत्तर ३ : रात्रपाळी

वरील दोन्ही उत्तरांत बिघाड कळवण्याची सोय राहून गेली आहे, आणि आपल्या प्रश्नाचा अर्धा भाग तोच होता.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेसचा फोल्डर पुसला गेला. रोजचे डंप अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री साठ्यात असतील म्हणून पाहिले तर तेथे काहीच नव्हते. डंप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे डंप रोज फसत होता. क्रॉन त्याच्या ईमेलही पाठवत होता, पण त्या डीमार्क या ईमेलची सत्यता पाहणाऱ्या तपासणीत नाकारल्या जात होत्या आणि कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) सापडला आणि त्यावरून काम भागले. हे सगळे त्यांनी स्वतःच जाहीर अहवालात लिहिले आहे. आपल्याकडे जे घडले ते त्याच साच्याचे आहे: आदेश फसला, निरोप पोहोचला नाही, आणि शांततेचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा घेतला गेला.

म्हणून बिघाडाची बातमी पाठवण्यापेक्षा यशाची बातमी पाठवावी आणि ती न आल्यास गजर व्हावा, ही रचना मला जास्त पटते. हेल्थचेक्स डॉट आयओ सारखी सेवा आपल्याला एक पत्ता देते. स्क्रिप्टच्या अगदी शेवटी कर्ल आदेशाने त्या पत्त्याला एक हाक द्यायची. ठरलेल्या काळात हाक आली नाही तर ती सेवा आपल्याला ईमेल करते. संगणक बंद राहिला, इंटरनेट गेले, स्क्रिप्ट मध्येच थांबली, क्रॉनटॅबची ओळच कोणी पुसली, या सर्व प्रसंगी बातमी मिळते, कारण बातमी देणारा आपल्या संगणकाबाहेर आहे. आपल्याला साप्ताहिक सुट्टी असेल तर मुदत दोन दिवसांहून थोडी जास्त ठेवा, अन्यथा दर आठवड्याला खोटा गजर होईल आणि महिन्याभरात त्याकडे कोणी पाहणार नाही.

दुसरी गोष्ट सभासदांच्या माहितीची. डंपमध्ये त्यांची नावे, पत्ते, फोन क्रमांक आणि कोणी कोणते पुस्तक नेले याची नोंद असते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. तो नसता तरी वाचकाने काय वाचले हे त्याचे खाजगी आहे, ही ग्रंथपालांची जुनी निष्ठा आपल्याला मी सांगायला नको. आरक्लोनमध्ये क्रिप्ट नावाची सोय आहे. ती वापरली की फाइली कूटबद्ध होऊनच ड्राइव्हवर जातात. मात्र तिचे दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून वाचनालयाच्या कपाटात ठेवा. कॉन्फिग फाइल फक्त त्या संगणकावर असेल आणि तो संगणकच गेला, तर ड्राइव्हवरच्या ६० प्रती कोणालाही उघडता येणार नाहीत.

आणि एक बारीक बाब. आरक्लोनसाठी आपण गूगलकडे स्वतःचा क्लायंट आयडी (प्रोग्रामची ओळख) तयार केला असेल आणि तो ‘टेस्टिंग’ स्थितीत ठेवला असेल तर परवानगी सात दिवसांत संपते. आठव्या दिवशी कॉपी विनाकारण फसू लागली तर प्रथम तेथे पाहावे.

पुन्हा : ग्रंथपाल_तालुका

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे थांबून लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यावेसे वाटले नाही.

सिसलॉगमध्ये मेलचा प्रोग्राम नसल्याची ती नोंद अकरा दिवसांची अकरा वेळा सापडली. स्क्रिप्ट आता कोहा-रन-बॅकअप्सवर आधारलेली आहे आणि रूटच्या टायमरमधून चालते. पहिल्याच प्रयत्नात तिने ‘बॅड इंटरप्रिटर’ असे म्हणून काम नाकारले. मी ती घरी विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजचे एक जादा चिन्ह आले होते. डॉस-टू-युनिक्सने ते गेले. माझ्यासारख्या कोणाला हाच संदेश दिसला तर उपयोग व्हावा म्हणून लिहिले.

बिघाड मुद्दाम घडवूनही पाहिला. एक दिवस डेटाबेस बंद करून स्क्रिप्ट चालवली तेव्हा ती तेथेच थांबली, ड्राइव्हवर काही गेले नाही, काही पुसलेही गेले नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाक न आल्याची ईमेल माझ्या फोनवर आली.

गेल्या रविवारी जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू आणि कोहाची तीच आवृत्ती बसवली, ड्राइव्हवरून दोन्ही फाइली उतरवल्या आणि कोहा-रिस्टोअर चालवला. आरक्लोनची कॉन्फिग मी तेथे नेली नव्हती. कपाटातल्या पाकिटातील कागदावरून पासवर्ड टाइप केले. त्यातील एक अक्षर शून्य आहे की इंग्रजी ओ आहे हे माझ्याच हस्ताक्षरात कळेना, आणि त्यात पाऊण तास गेला. आता तो कागद नव्याने लिहिला असून शून्याच्या पोटात रेघ मारली आहे. शोधाची अनुक्रमणिका तयार झाल्यावर ‘दाखल क्रमांक १’ शोधला. पुस्तकाचे नाव मराठीत नीट उमटले, एकही प्रश्नचिन्ह नाही, आणि शनिवारी शेवटची देवघेव ज्या सभासदाची झाली होती त्यांची नोंदही तेथे होती.

पाकीट कपाटात आहे, पण कपाटाची किल्ली फक्त माझ्याकडे असते. पुढील बैठकीत दुसरी किल्ली कार्यवाहांकडे देण्याचा विषय मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे.